तीस हात गवत

बन्सीधरचा ट्रॅक्टर माळाच्या पायथ्यानं सरळ येत होता. मागं नांगराचे फाळ जमिनीत रुतलेले, त्यांच्यामागं उलटून पडणारी काळी ढेकळं. कालव्यापासून निघालेली ही पट्टी दहा हात रुंद धरायची आणि ओढ्याला नेऊन भिडवायची, असं ग्रामसभेत ठरलं होतं. माळावर कंबरेएवढं कुसळीचं गवत वाळून उभं होतं. त्याला आग लागली तर ती ह्या नांगरलेल्या पट्टीपाशी अडावी, खाली आखाड्यांवर, शेतातल्या घरा-गोठ्यांवर, आणि गावावर येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

चन्नबसप्पाच्या समाधीपाशी बन्सीधर आला आणि त्यानं नांगर उचलला.

फाळ हवेत तसेच लोंबत ठेवून ट्रॅक्टर तीस हात पुढं गेला. तिथं नांगर पुन्हा जमिनीत टेकला आणि पट्टी ओढ्याकडं निघाली. प्रत्येक फेऱ्याला असंच झालं. बन्सीधरनं समाधीकडं पाहिलं नाही. खाली आखाड्याच्या दारात सूप घेऊन उभ्या असलेल्या भागम्माकडंही पाहिलं नाही.

तिनं त्याला काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. गेल्या वैशाखात नवऱ्याला, चन्नबसप्पाला, मातीत बसवलं तेव्हा सगळ्या गावासमोर ती कपाळाला भस्म लावून बोलली होती, वर्ष होईस्तोवर ह्या दोन गुंठ्यांत लोखंड लावणार नाही. खुरपं नाही, विळा नाही, नांगर नाही. तिच्या सासऱ्याच्या वेळी सासूनं हेच पाळलं होतं. बन्सीधर तेव्हा गर्दीत सगळ्यात मागं, बाभळीला टेकून उभा होता.

त्याच्या धुऱ्याची ती आग. हेही गावाला ठाऊक होतं. उन्हाळ्यात धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं, गवत सगळेच पेटवतात, त्यानंही पेटवलं. वारा फिरला, जाळ माळावर गेला आणि माळावरून पळत खाली आला. चन्नबसप्पा जनावरं सोडायला गोठ्यात शिरले. दोन बैल सोडले, गाय सोडली. वासराच्या दाव्याची गाठ आवळलेली होती, ती सुटेना. कडब्याची गंजी पेटून त्यांच्या अंगावर आली. परभणीच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी ते गेले. लिंगायताला जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात. पण भाजलेली पाठ ताठ राहीना. दोघांनी खांद्याला धरून त्यांना बसतं केलं होतं. भागम्मानं ते पाहिलं होतं.

तिनं तक्रार दिली नाही. बन्सीधर दवाखान्याच्या आवारात दोन दिवस लिंबाखाली बसून होता. त्यानंतर त्यानं तिच्या आखाड्यात पाऊल ठेवलं नव्हतं. वाटेत दिसला तर मोटारसायकल हळू करायचा, मान खाली घालायचा आणि निघून जायचा.

पट्टी ओढ्याला भिडली. ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला. भागम्मा खाली बसली आणि ज्वारी निवडू लागली.

*

तिचा दिवस ठरलेल्या क्रमानं चालायचा. पहाटे हापशावर दोन घागरी पाणी. न्हाणं. मग गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म, बेलाचं पान, नामस्मरण. तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. ते झालं की एक तांब्या भरून समाधीवर जायचं. अर्धा तांब्या समाधीवर, अर्धा तिनं लावलेल्या बेलाच्या रोपाला. रोपाला आता अकरा पानं होती.

लोक आपल्या माणसाच्या समाधीवर सांजच्याला दिवा लावतात. तिनं एकदाही लावला नव्हता. सोनपेठच्या बाजारात भेटलेल्या नणंदेनं टोकलंही होतं. भागम्मा एवढंच म्हणाली, "त्यायला आता जाळ नको. पाणीच बरं."

दिवसभर बोलायला कुणी नसायचं. हापशाचा दांडा खालीवर झाला की तेवढाच आवाज, तोही तिच्याच हातचा. लेक शिवकन्या लातूरला दिलेली. ती एक दिवसाआड फोन करायची.

"आई, इकडं ये की गं. ते वावर कुठं पळून चाललंय का?"

"येते. वर्ष होऊ दे."

"वर्ष झाल्यावर आणखी कायतरी काढशील तू."

"वैशाख पंचमीनंतर बघू म्हणलं ना. जेवलीस का?"

फोन ठेवला की आखाडा पहिल्यापेक्षा शांत व्हायचा.

*

पाडवा होऊन गेला. ऊन चढलं. ग्रामसभेत ठरलेली बाकीची कामं गावानं मन लावून केली. घरटी एक फवारणीचा पंप पाण्यानं भरून दाराशी. दोन टँकर, एक कालव्यावर, एक ओढ्यावर. पोती भिजवायला टाक्या. आणि जनावरं बांधायची ती सुरगाठीनंच, म्हणजे टोक ओढलं की दावं सुटतं. हा नियम भगवानरावांनी घातला होता. ते गावातले जाणते, सत्तरीला आलेले. नियम सांगताना त्यांनी चन्नबसप्पाचं नाव घेतलं नाही, पण सभेत सगळ्यांच्या माना भागम्माकडं वळल्या आणि लगेच परत फिरल्या.

असंच चाललं होतं. तिच्याशी सगळे जपून वागत. गिरणीत दुसऱ्यांचे नंबर असले तरी बायका म्हणत, "घ्या, तुमचं आधी घ्या," आणि तिची पिशवी पुढं सरकवून पुन्हा आपसांत बोलायला लागत. ती दळण घेऊन निघेपर्यंत तिच्याशी कुणी बोलत नसे.

तिच्याशी नीट भांडेल असं माणूस एकच उरलं होतं, शेजारच्या आखाड्यावरची बायनाबाई. तिचा आखाडा भागम्माच्या खालच्या अंगाला. एका दुपारी ती सात शेळ्या घेऊन आली, बांधावर टेकली आणि तंबाखू मळता मळता म्हणाली,

"भागम्मा, तुला कुणी सांगणार न्हाई. मी सांगते. राग आला तर येऊ दे."

"सांग की."

"ते तुझं गवत. गाव रातध्याड त्याचंच बोलायलंय. कालव्यापासून वड्यापतोर समदं नांगारलं आन मधी दार उघडं ठिवलं. जाळ आला तर त्या दारातनं येईल. पयला तुझ्या घरात, दुसरा माझ्या."

"मग मला कुणी म्हणलं कसं न्हाई?"

"कोण म्हणंल? भगवानरावाची जीभ उचलंना, आन बन्सीधरला तर तोंडच न्हाई."

भागम्मानं वर पाहिलं. समाधीभोवतालचं गवत वाऱ्यानं एका अंगाला झुकलं होतं. खाली त्याच रेषेत बायनाबाईचा गोठा, त्याच्या मागं गावाच्या कडब्याच्या गंज्या, त्याच्या मागं घरं. रोज तिथं जाऊनही हे तिला दिसलं नव्हतं. ती फक्त समाधीकडं बघत जायची.

"लोखंड लावायचं न्हाई म्हणलंय मी," ती म्हणाली. "हातानं उपटीन."

"हातानं? दोन गुंठे?" बायनाबाई हसली. "थांब, माझ्या शेळ्या सोडते. शेळीच्या तोंडात काय लोखंड न्हाई."

शेळ्या सोडल्या. सातही शेळ्या वाळल्या गवतातून सरळ आत गेल्या आणि बेलाच्या रोपाकडं निघाल्या. दोघी म्हाताऱ्या ओरडत, पदर खोचत त्यांच्यामागं धावल्या. रोप वाचलं, दोन पानं गेली. कुसळीला एकीनंही तोंड लावलं नाही. बायनाबाई धापा टाकत बसली आणि हसू लागली. भागम्माही हसली. वर्षात पहिल्यांदा, आणि तेही समाधीपाशी, हे लक्षात आल्यावर तिनं तोंडावर पदर घेतला.

*

दुसऱ्या दिवसापासून पूजा झाली की ती गवत उपटायला बसू लागली. जमीन तव्यासारखी तापलेली, मुळं आत घट्ट. दोन्ही हातांनी बुडखा धरायचा, पाय रोवायचे आणि मागं झुकायचं. कधी बुडखा निघायचा, कधी नुसती काडी तुटून हातात यायची आणि ती मागं आपटायची. पात्यांनी बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या. कुसळं लुगड्यातून आत जाऊन मांड्यांना टोचत. संध्याकाळी चिमणीच्या उजेडात ती एकेक कुसळ काढत बसायची.

ती समाधीपासून सुरू झाली. हात आपोआप तिथंच गेले. आधी चौथऱ्याच्या कडेचं, मग त्याच्या बाहेरचं, मग त्याच्या बाहेरचं. चार दिवसांत समाधीभोवती तिच्या घराएवढी जागा लख्ख झाली. पाचव्या दिवशी तळहाताला फोड येऊन फुटले. हळद भरून फडकं बांधलं, दोन दिवस काम राहिलं. नवव्या दिवशी भगवानराव काठी टेकत आले, बांधावरच थांबले.

"भागम्माबाई, दोन बायका देऊ का मदतीला?"

"नको. माझं बोलणं हाय, मीच निभवीन."

भगवानरावांनी लख्ख जागेकडं पाहिलं, मग तिच्या बाहेर माळाला चिकटून उभ्या गवताकडं पाहिलं. बोलावं की नाही असं त्यांचं तोंड झालं.

"आधी कडंचं घ्यायला पायजे होतं," ते हळू म्हणाले. "आग कडंनं येती."

खरं होतं. तिनं नवऱ्याभोवतालची जागा झाडून घेतली होती आणि दार तसंच उघडं ठेवलं होतं.

"अकरा दिवस राहिलेत वर्षाला," ती म्हणाली. "उद्यापासून कडंचं घेते."

"बरं," भगवानराव म्हणाले आणि काठी टेकत गेले.

*

ते उद्याचं राहिलं ते राहिलंच. त्याच दुपारी, जेवणं आटोपून माणसं लिंबाखाली आडवी झाली होती, तेव्हा महादेवाच्या देवळाचा भोंगा वाजला. भोंग्यावर भगवानरावांचाच आवाज होता, जरा कापरा, पण घाई न करणारा.

"माळाला आग लागलीय. पंप घिऊन माळाकडं निघा. बायांनी जनावरं सोडा. पुन्यांदा सांगतो, आधी जनावरं सोडा."

पलीकडच्या शिवारात कुणीतरी धुरा पेटवला होता. भागम्मा बाहेर आली तेव्हा माळाच्या माथ्यावर धूर उभा होता, पांढरा नाही, पिवळट. वारा तिकडून इकडं होता. ती गोठ्यात गेली, गायीच्या दाव्याचं टोक ओढलं. दावं एका हिसक्यात सुटलं. मोकळं टोक हातात धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली. एवढंच लागत होतं. गेल्या वर्षी एवढंच लागत होतं.

ती वर गेली तेव्हा पट्टीवर माणसं उभी राहिली होती. पाठीवर पंप, हातात ओली पोती, तोंडाला फडकी. कालव्याकडच्या अंगाला जाळ पट्टीपर्यंत आला, पुढं जायला काही सापडेना, तिथंच फडफडून बसला. एकदोन ठिणग्या अलीकडं पडल्या, त्या पोत्यांनी मारल्या. पट्टीनं काम केलं होतं. पण मधला जाळ सरळ खाली येत होता, आणि त्याच्यासमोर तिचं तीस हात गवत उभं होतं.

"टँकर कुठं हाय?" भगवानरावांनी विचारलं. ते भोंगा दुसऱ्याच्या हाती देऊन धापा टाकत आले होते.

"एक लांब कालव्याला, एक वड्याच्या तोंडाला. तिकडंबी पेटलंय," कुणीतरी म्हणालं.

"बन्सी, नांगर?"

"ट्रॅक्टर त्याच टँकरला जुपलाय, काका." बन्सीधर धुरातून पुढं आला. तोंड काळं झालेलं, डोळे लाल. "आणायला वेळ न्हाई."

भगवानरावांनी जाळाकडं पाहिलं. वनखात्याच्या माणसानं सभेत सांगितलेलं सगळ्यांना आठवत होतं. आग यायच्या आधी तिच्या वाटेतलं गवत आपणच खालच्या अंगानं पेटवायचं, खाली पंपवाले उभे करायचे. आपला जाळ हळूहळू वर सरकतो, तिला जाऊन भिडतो, आणि मग तिला खायला काही उरत नाही. सोपं होतं. पण सगळे समाधीकडं बघत होते आणि भागम्माकडं बघायचं टाळत होते.

"पेटवावं लागंल, भागम्माबाई," शेवटी भगवानराव म्हणाले. "तुम्ही हो म्हणा."

तिनं मान डोलावली.

काडेपेटी बन्सीधरच्या खिशात होती. तो गवतापाशी उकिडवा बसला. पहिली काडी ओढली, विझली. दुसरी ओढताना मोडली. तिसरी काडी त्यानं पेटीवर टेकवली आणि तो तसाच बसून राहिला. वरून जाळाचा आवाज येत होता, ज्वारीच्या कणसांवर पावसाची सर यावी तसा.

"बन्सी, आटप," कुणीतरी ओरडलं.

"माझ्यानं न्हाई व्हायचं, काकू," तो म्हणाला. वर्षभरात तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द होता. "दुसऱ्यांदा न्हाई व्हायचं."

भागम्मा त्याच्यासमोर बसली. फडकं बांधलेला हात पुढं केला. "आण हिकडं."

तिनं काडी ओढली. समाधी धुरात अर्धी दिसत होती. वर्षभर तिथं तिनं एक वातसुद्धा पेटवली नव्हती.

"अहो," ती समाधीकडं बघून हळू म्हणाली, "जरा कळ काढा."

आणि काडी गवताला लावली.

कुसळी एकदम पेटली. ती दोन पावलं मागं सरली, पुन्हा खाली बसली, पुढं काडी लावली. अशा पाच काड्या तिनं तीस हातांत लावल्या. बन्सीधर तिच्या मागंमागं वाकून चालत होता. खाली सरकणाऱ्या जाळावर पंपाची धार मारत होता, धार संपली तेव्हा पोत्यानं मारत होता. जाळ वर सरकला, समाधीपाशी पोचला आणि दोन्ही बाजूंनी तिला वळसा घालून पुढं गेला. मग धूर एवढा झाला की काहीच दिसेना. वर कुठंतरी दोन जाळ एकमेकांना भिडले. आवाज एकदम वाढला आणि एकदम बसला.

धूर विरला तेव्हा माळ काळा होता, पट्टी काळी होती आणि मधल्या फटीतली जमीनही काळी होती. खाली बायनाबाईचा गोठा जसाच्या तसा उभा होता.

माणसं पाणी प्यायली, खोकली, एकमेकांच्या काळ्या तोंडांना हसली. भागम्माजवळ कुणी आलं नाही. भगवानरावांनी लांबूनच हात जोडले. एकेक करून सगळे उतरून गेले. बायनाबाईनं सांजच्याला भाकरी आणि ठेचा आणून दिला, शेजारी बसली. मग शेळ्या बांधायच्या आहेत असं सांगून ती उठली. ती गेल्यावर भागम्माला कळलं, काडेपेटी अजून आपल्या मुठीत आहे. घामानं ती मऊ झाली होती. तिनं ती देवळीत ठेवली.

*

पहाटे ती उठली. हापशावर दोन घागरी. न्हाणं. सोललेल्या तळहातावर लिंग ठेवलं तेव्हा भस्म जखमेला झोंबलं. हात तिनं हलवला नाही. पूजा नेहमीएवढाच वेळ चालली. मग तांब्या भरला आणि ती वर गेली.

राख अजून कोमट होती, तळपायाला कळत होती. समाधीच्या माळाकडच्या अंगाला काजळी चढली होती. पण तिनं उपटून काढलेल्या मोकळ्या जागेत राख नव्हती, नुसती माती होती. जाळ तिथवर येऊन थांबला होता. बेलाची नऊच्या नऊ पानं आखडून तपकिरी झाली होती. तिनं नखानं खोड जरासं खरवडलं. आत हिरवं होतं.

तिनं समाधीवर पाणी ओतलं. तापलेली माती पाणी पिऊन टाकत होती, खाली ओघळ येईना. अर्धा तांब्या संपला, मग सगळाच संपला. रोपाला काही उरलं नाही. असं कधी झालं नव्हतं.

रिकामा तांब्या घेऊन ती वळली तर बाभळीपाशी ट्रॅक्टर उभा. इंजिन बंद. मागं नांगर जोडलेला. बन्सीधर खाली उतरून, टायरला टेकून उभा होता. केव्हाचा आला होता कुणास ठाऊक.

"काकू," तो म्हणाला, "आता तर समदंच जळलंय. नांगर टाकू का?"

"अजून धा दिस हायत."

"बरं."

तो गेला नाही. पायानं ढेकूळ उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. हाताला त्याच्याही फोड आले होते. भागम्मानं त्याच्याकडं पाहिलं. पस्तिशीचा गडी, पण खांदे म्हाताऱ्यासारखे पुढं आलेले. दवाखान्याच्या लिंबाखाली बसला होता तसाच.

तिनं तांब्या पुढं केला.

"पाणी पुरलं न्हाई. हापशावरनं भरून आण."

बन्सीधरनं आखाड्याकडं पाहिलं. जळून पुन्हा बांधलेला गोठा, अंगण, दार.

"आत, देवळीत तुझी काडेपेटी हाय," ती म्हणाली. "तीबी घिऊन जा. मला लागत न्हाई."

त्यानं दोन्ही हातांनी तांब्या घेतला. पायातल्या चपला पट्टीवरच काढल्या आणि अनवाणी खाली उतरला. अंगणाच्या कडेला जरा थांबला, मग आत गेला.

भागम्मा समाधीपाशी बसली. माळावरून जळक्या गवताचा वास येत होता. खाली हापसा करकरला. वर्षभरात पहिल्यांदा तो दुसऱ्या कुणाच्या हातानं वाजत होता. ती ऐकत बसली.